उरलेला एक सेकंद

त्या बुधवारी आभाराची पत्रं वाचता वाचता फादर मध्येच हसले, आणि पुरिंगच्या बोटांतली जपमाळ होती तिथंच थांबली. आधीची चार पत्रं नेहमीसारखीच होती. कुणाच्या नवऱ्याला जहाजावर काम लागलं होतं, कुणाची गाठ साधी निघाली होती, कुणाचा दारुडा भाऊ सेबूहून आपणहून घरी आला होता. बाक्लारनच्या चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला, देवाच्या आईच्या नावानं, अशीच पत्रं येतात आणि पुरिंग गेली बावीस वर्षं ती ऐकत आली होती. दुसऱ्याचं चांगलं झालेलं ऐकताना तिला बरं वाटे. आपली स्वतःची अशी काही मागणी उरलेली नाही, याचंही बरं वाटे. पाचवं पत्र फादरांनी उघडलं, मनाशी चाळलं आणि हसू दाबत वाचलं: ‘माते, काल एकच सेकंद उरला होता. एका सेकंदात माणसाला चेंडू झेलून, एकदा आपटून, वळून, उडी मारून टाकता येत नाही. मी स्वतः खेळतो, मला माहीत आहे. आमच्या चितोनं ते केलं, म्हणजे ते तूच केलंस. नव्या लीगच्या पहिल्याच वर्षी आमचा रोसाल बिस्किट संघ अंतिम सामन्यात गेला. मी नऊ बुधवार अनवाणी येईन. तुझा, पाको भागातला एक भक्त.’ चर्चभर हसू पसरलं, बाकाबाकांवरून, वाऱ्यावर पडदे हलावेत तसं. शेजारची लठ्ठ बाई पुरिंगला कोपरानं ढोसून म्हणाली, “बघा हो बाई, आता देवाच्या आईलाही बास्केटबॉल कळायला लागला!” पुरिंगनं मान खाली घातली. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. एका सेकंदात ते होत नाही, हे कुणा अनोळखी माणसानं देवाच्या आईला लिहून कळवलं होतं, आणि ते खरं होतं. चितोला एकच सेकंद मिळाला नव्हता. त्याला जास्त मिळाला होता, आणि तो पुरिंगनं दिला होता.

ते घडलं होतं इतकं साधं, की कालपासून ती ते पुन्हा पुन्हा पाहत होती आणि प्रत्येक वेळी तिला वाटत होतं की या वेळी हात जागेवरच राहील. कोलिझियम स्टेडियममधलं लांब टेबल, त्याच्या मधोमध ती, उजव्या अंगठ्याखाली घड्याळाचा खटका. डावीकडे गुण लिहिणारे तिबो, वडीलधारे म्हणून सगळ्यांचे ‘मांग’ तिबो, त्यांच्या कानावर खोवलेली पेन्सिल; उजवीकडे त्यांचा मदतनीस. लाकान टायरचा संघ एका गुणानं पुढं. रोसालचा खेळाडू रेषेबाहेर उभा, चेंडू आत टाकायला. आतल्या कुणाच्या हाताला चेंडू लागला की खटका दाबायचा, एवढंच तिचं काम. आणि एवढंच काम करायला ती एकवीस वर्षं शिकली होती. आधी शाळेच्या मुलींच्या सामन्यांत, मग हौशी संघांच्या, आणि या वर्षी खेळाडूंना पगार देणारी नवी लीग निघाली तेव्हा साऱ्या मनिलातून तीनच वेळनियंत्रक निवडले त्यांतली एक ती, तिसरीला गणित शिकवणारी, अठ्ठेचाळीस वर्षांची, एकटी. टेबलावरचे सगळे तिला माएस्त्रा, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणत. ‘माएस्त्राचा अंगठा म्हणजे सरकारी मोहोर,’ मांग तिबो नव्या पंचांना सांगत, आणि ती नको नको म्हणत असली तरी ते वाक्य तिला आवडे. रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराच्या चुका देवापुढं मांडताना तो गर्व ती न विसरता सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तो तिथंच असायचा, नुकत्याच पुसलेल्या फळ्यावर उरलेल्या खडूसारखा.

काहीही सुरू करण्यापूर्वी क्रुसाची खूण करायची, हे तिला आईनं लावलेलं वळण. सुईत दोरा ओवण्यापूर्वी, फळ्यावर पहिला आकडा लिहिण्यापूर्वी, तांदूळ धुवायला टाकण्यापूर्वी. सामन्यातसुद्धा ती करायची, पण आधी, पंचानं चेंडू हातात घेण्याच्या कितीतरी आधी, टेबलाखाली, अगदी लहानशी, छातीवर अंगठ्यानं. काल मात्र तिनं हात उचलून कपाळाला नेला. सगळं कोलिझियम तेव्हा तेच करत होतं. अठरा हजार हात कपाळावरून छातीवर, खांद्यांवर फिरत होते, शेत वाकावं तसे, आणि तिचा हात त्यांच्याबरोबर गेला. पित्याच्या नावानं. बोटं कपाळाला टेकली असतानाच तिला दिसलं की चेंडू चितोच्या हातात आहे. हात खाली आला, खटका दाबला गेला, लाल आकडा ढळला, भोंगा वाजला. त्याच्या नखभर आधी चितोच्या बोटांतून चेंडू सुटलेला होता. पुढचं तिला फक्त आवाज म्हणून आठवत होतं. पण आधीचं, हात वर जाण्याच्याही आधीचं, ती कुणाला सांगू शकली नसती. ती खूण तिनं सर्वांबरोबर केली असली तरी सर्वांसाठी केली नव्हती. चितोला अडवायला दोमेंग उभा होता. लाकानचा दोमेंग मागबानुआ, छत्तीस वर्षांचा, गुडघ्यांवर पट्ट्या गुंडाळलेला, इलोइलोकडचा बायकापोरांचा माणूस. दर सामन्याला येता जाता टेबलाच्या कडेला दोन बोटं टेकवून तो म्हणायचा, “देव बरं करो, माएस्त्रा.” इतकंच. संबंध हंगामात इतकंच. काल शेवटच्या विश्रांतीनंतर तो टेबलासमोरून लंगडत गेला तेव्हा तिच्या मनात आलं, देवा, याला एवढा एक सेकंद निभावून ने. आणि त्याच प्रार्थनेनं तिनं त्याचा सेकंद मोडला होता.

फादरांनी आशीर्वाद दिला, लोक उठले. बाहेर मेणबत्त्यांच्या धुरात वर्तमानपत्रवाला ओरडत होता. पहिल्या पानावर फोटो होता. हवेत चितो, बोटं मोकळी, आणि मागं दोमेंग, एक पाऊल मागं, वर ताणलेला हात रिकाम्या जागेत, तोंड उघडं. खाली ठळक अक्षरांत: ‘पाय थकले, लाकान संपलं.’ मजकुरात त्यांच्या प्रशिक्षकाचं म्हणणं होतं की शेवटी आम्ही एका माणसावर विश्वास टाकला आणि त्याच्या गुडघ्यांनी तो फोल ठरवला. आणि अगदी तळाशी, बारीक टायपात: लाकाननं घड्याळाविषयी हरकत नोंदवली आहे, टेबलावरील तिघांनी घड्याळ वेळेवर सुरू झाल्याचं लिहून दिलं आहे, आज, बुधवारी, पाचला निर्णय. टेबलावरील तिघांनी. मांग तिबोंनी काल दोन बोटांनी ते टाइप केलं होतं, दाराबाहेर लाकानची माणसं धपाधप थापा मारत असताना. ‘घड्याळ नियमाप्रमाणे सुरू झाले.’ त्या वाक्यात कुणाचंच नाव नव्हतं, आणि सही करताना तिला वाटलं होतं की ज्यात आपण नाहीच अशा कशावर तरी आपण सही करतो आहोत. “करा सही, माएस्त्रा, पोरं दार मोडतील,” मांग तिबो म्हणाले होते. “तुमच्या अंगठ्यावर शंका? उद्या म्हणतील सूर्य उशिरा उगवला!” ती हसली होती. हात धड होता, थरथरला नव्हता. तेच तिला आता सर्वांत वाईट वाटत होतं.

साडेतीनला ती लीगच्या कचेरीत होती. सचिव व्हिल्यारिका तिला पाहून उठून उभे राहिले, खुर्ची पुढं केली, कालामान्सी लिंबाचं सरबत मागवलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि वाटेत चार वेळा जुळवलेली वाक्यं एकामागून एक बोलली. हात कपाळाकडं गेला. चेंडू आधी झेलला गेला. मी काल खोटं लिहिलं. बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं, माणसानं पाठीवरचा दगड उतरवावा तसं नव्हे, तर ताप उतरल्यावर घाम सुटतो तसं, लाजिरवाणं हलकं. व्हिल्यारिकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग ते तिच्याकडं, आजारी मावशीकडं बघावं, तसं बघत राहिले.

“माएस्त्रा, तुम्ही आज नोव्हेनाहून आलात ना?”

“हो.”

“वाटलंच. माझी आईही अशीच होती. उपासाच्या शुक्रवारी रश्श्यात चुकून मटणाचा तुकडा लागला तर महिनाभर रडायची. तुमच्यासारख्या बायकांना न केलेल्या पापाचंही ओझं होतं. अहो, अंगठा कपाळाशी होता की खटक्यावर, हे तुम्हाला तरी नक्की आठवतं का? एवढ्या गर्दीत?”

“आठवतं.”

“किती उशीर झाला? अर्धा सेकंद? पाव?”

तिला सांगता येईना. तिसरीच्या मुलींना पाव, अर्धा, पाऊण शिकवण्यात जन्म गेला होता.

“बघा,” ते अगदी मायेनं म्हणाले. “तुम्हालाच माहीत नाही. शुक्रवारी अंतिम सामना. लीगचं हे पहिलंच वर्ष. लोक आपल्याकडं बघतायत की ही मंडळी चालवू शकतात का. एका देवभक्त बाईच्या मनाच्या टोचणीवरून आपण सामना पुन्हा खेळवायचा? सरबत घ्या. आणि शुक्रवारी घड्याळावर तुम्हीच. मला दुसरं कुणी नको.”

ती उठली. सरबत तिनं प्यायलं, कारण त्यांनी दोनदा म्हटलं. जिना उतरताना तिला कळलं की आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय. आपण सांगितलं. त्यांनी घेतलं नाही. आता आपल्याकडं काय राहिलं? शिवाय शुक्रवारी घड्याळ आपलंच. हे शेवटचं मनात आल्यावर तिनं जिन्याच्या कठड्याला धरलं आणि एका पायरीवर तशीच उभी राहिली. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी टेबलावरचा पंखा गरगरत होता, कागद फडफडत होते. आपली भक्ती लोकांना आवडते ती यासाठी की तिच्यामुळं आपलं म्हणणं मनावर घ्यायचं कारण उरत नाही, असं काहीसं तिला वाटलं आणि तो विचार तिनं झुरळ झटकावं तसा झटकला. आईची आठवण आली. आई तांदूळ निवडताना म्हणायची, पुरिंग, देवाशी बोलताना आधी स्वतःशी खोटं बोलणं थांबव. पण आईला घड्याळाचा खटका कधी दाबावा लागला नव्हता. आईचे तांदूळ कुणाच्या पायांवर पडत नव्हते.

जीपनीत, त्या लांबुळक्या भाड्याच्या जीपमध्ये, ती चालकाच्या पाठीमागच्या बाकावर बसली. समोर दोन टायपिस्ट मुली, एक कोंबडा मांडीवर धरलेला म्हातारा, कामगारांच्या शर्टातले तिघं. तिनं भाडं पुढं सरकवलं आणि चालक आरशात बघत म्हणाला, “काल बघितलं का कुणी? लाकानचं भजं झालं!”

“दोमेंगला काय झालं होतं हो?” एका कामगारानं विचारलं.

“त्याला काय व्हायचंय? तो धावतच नव्हता. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत गाड्यावर उभा करतात ना संत, तसा उभा होता. चार माणसांनी ढकललं असतं तर पोचला असता चितोपर्यंत!”

सगळी जीपनी खदखदली. टायपिस्ट मुलींनी रुमाल तोंडाशी नेले. म्हातारा कोंबड्याला म्हणाला, “ऐकलंस? तुझ्यापेक्षा म्हातारा तो,” आणि पुन्हा हशा झाला. आणि पुरिंगच्या लक्षात आलं की आपणही हसतोय. ओठ ताणले गेले होते, गालांचं मांस वर आलं होतं, गळ्यातून हलका आवाजही निघाला होता. खोटं हसू नव्हतं ते. त्या गाड्यावर डगमगणारा संत तिच्या डोळ्यांपुढं आला होता, पट्ट्या गुंडाळलेल्या गुडघ्यांचा, आणि तिला हसू आलं होतं. तिनं ओठ मिटले. दात एकमेकांवर आपटले. रस्त्यावरचा उजेड, पाटीवरची अक्षरं, टायपिस्टच्या कानातलं प्लॅस्टिकचं फूल, सगळं एकाएकी फार स्पष्ट दिसू लागलं. तो आत्ता कुठं असेल, कुठल्या जीपनीत, आणि त्याच्यासमोर कोण हसत असेल? त्याला तर माहीतच नव्हतं. तो स्वतःच मानत असेल की आपले पाय थकले. रात्रभर गुडघे चोळत तो त्या पायांची लाज धरून बसला असेल. ती लाज त्याची नव्हती. तिनं आपली लाज त्याच्या अंगावर घातली होती आणि वर त्या अंगरख्यात तो कसा दिसतो ते पाहून ती हसली होती.

“थांबवा,” ती म्हणाली. चालकाला ऐकू गेलं नाही. तिनं छताला नाणं ठोकलं.

लाकानचा सराव सान हुआनच्या एका जुन्या जिममध्ये चाले. ती तिथं पोचली तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. निर्णयाची वेळ टळली होती, हे तिला वाटेत कळलं होतं, आणि कळल्यावर पाय क्षणभर हळू झाले होते, तेही तिनं स्वतःपासून लपवलं नाही. आत लाकडी जमिनीवर खेळाडू आपापल्या पिशव्या भरत होते.  लांबच्या टोकाच्या बाकावर दोमेंग एकटाच बसला होता, पाय पत्र्याच्या टबात, पाण्यात मीठ विरघळवायला बोटं हलवत. तिला पाहून तो उठायला लागला.

“बसा, बसा,” ती म्हणाली. “मी बोलायला आले.”

“देव बरं करो, माएस्त्रा. तुम्ही इथं कशा?”

तिनं सांगितलं. कचेरीतली वाक्यं आता जुळेनात. ती उलटसुलट बोलली, कपाळ आधी, मग सही, मग पुन्हा चेंडू. त्याच्यासाठी प्रार्थना करत होते, ही गोष्ट तिनं सांगितली नाही. ते सांगितलं असतं तर त्याला तिच्यावर दया करावी लागली असती. तो ऐकत राहिला. पाण्यातल्या बोटांची हालचाल थांबली. त्यानं विचारलं:

“म्हणजे मी वेळेवर होतो?”

“हो. भोंगा वाजायला हवा होता तेव्हा चेंडू त्याच्या हातातच होता.”

“आणि हे तुम्ही मला सांगताय.”

“हो.”

“मला का? रात्रभर मी पायांना शिव्या घातल्या. सकाळी बायकोला तार केली की संपलं, घरी येतो. पायांवर चिडलो होतो तोवर ठीक होतं, माएस्त्रा. आता कुणावर चिडू? तुमच्यावर? तुमच्याकडं बघून चिडताही येत नाही.” त्यानं मानेनं हॉलकडं खूण केली. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “ते अकरा जण कालपासून माझ्याशी बोलले नाहीत. माझ्यापाशी मन हलकं करून तुम्ही घरी जाल. मी त्यांना सांगितलं तर म्हणतील, म्हातारा सबब शोधतोय. तुम्हीच त्यांना सांगा.”

ती तिथंच उभी राहिली. चर्चमध्ये बुधवारी पत्र वाचतात त्यावर नाव नसतं. कन्फेशनच्या खिडकीला जाळी असते. कचेरीत एकच माणूस होता आणि तो मायेनं बोलला होता. इथं अकरा पुरुष होते, घामाचे, रागावलेले, तिच्याहून दीड-दीड हात उंच, आणि मधली लाकडी जमीन भलीमोठी होती. ती ओलांडताना तिच्या चपलांचा आवाज होत होता. प्रशिक्षक पिशवीची चेन लावत होते, त्यांनी वर पाहिलं. तिनं हात पुढं एकमेकांत धरले, वर्गात उत्तर न आलेली मुलगी धरते तसे, आणि बोलायला सुरुवात केली.

“काय म्हणतेय ही?” मागून कुणीतरी म्हणालं.

“बाई, मोठ्यानं बोला. इकडं काही ऐकू येत नाही.”

“घड्याळवाली आहे ती.”

“मग तर मोठ्यानंच बोलू दे!”

तिनं श्वास घेतला. आयुष्यात ती एवढ्या मोठ्यानं कधी बोलली नव्हती. वर्गातही नाही, गायनवृंदातही नाही. आवाज पत्र्याच्या छताला आपटून परत आला आणि तिचा तिलाच परका वाटला.

“काल घड्याळ मी उशिरा सुरू केलं. दोमेंग वेळेवर होता. नंतर मी खोटी सही केली.”

पिशव्यांच्या चेन थांबल्या. प्रशिक्षक हळूहळू उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग येत येत मध्येच कुठंतरी अडला, आणि त्यांनी विचारलं ते जवळजवळ विनंतीसारखं होतं:

“तासभर आधी, निर्णयाआधी, का नाही आलात?”

तिच्यापाशी उत्तर होतं. जीपनी थांबवायला ती आणखी तीन थांबे बसून राहिली होती. हसल्यानंतरही. तेही तिनं सांगितलं, तेवढ्याच मोठ्यानं, कारण आता आवाज खाली आणायचा कसा ते तिला कळत नव्हतं.  एका खेळाडूनं हातातला बूट जमिनीवर आपटला आणि भिंतीकडं तोंड केलं. मागं पाणी हिंदकळल्याचा आवाज आला. दोमेंग टबातून बाहेर निघाला होता. तो अनवाणी हॉल ओलांडत आला, त्याची ओली पावलं लाकडावर एकेक उमटत होती, मोठी, सरळ, कुठंही न अडखळलेली. तो पुरिंगपाशी थांबला नाही. तो आपल्या माणसांत गेला आणि ते बाजूला सरकले, मग कुणीतरी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्यापुढं धरला, आणि दुसऱ्यानं आपल्या बाकावरची पिशवी खाली ठेवून त्याला जागा करून दिली. तो बसला. पाय पुसू लागला. प्रशिक्षक त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले.

पुरिंगला कुणी जा म्हटलं नाही आणि थांब म्हटलं नाही. मधल्या मोकळ्या जमिनीवर, सगळ्यांना दिसेल अशी, ती उभी होती.